उन्हाळी श्रामणेर शिबिर : पोरवयातून जाणतेपणाकडे

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या दिवशी आईबापाच्या खांद्यावर बसून तो सोहळा पाहणारी मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांची नातवंडे शाळा-कॉलेजात शिकत आहेत. या नातवंडांना धम्म जन्माने मिळाला; पण जन्माने मिळालेली गोष्ट समजून-उमजून आपली करावी लागते. ती कोणत्या वयात करावी आणि कशी करावी, हा आजच्या समाजापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे उन्हाळी सुट्टीतील श्रामणेर शिबिर होय. भारतीय बौद्ध महासभेच्या वतीने महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशी शिबिरे होत आलेली आहेत. प्रस्तुत लेखात आपण या शिबिरामागील विचार समजून घेऊ आणि भोर व वेल्हे या आपल्या डोंगरी तालुक्यांत ते कसे उपयोगी पडेल याचाही विचार करू. (वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, परंतु लोकांच्या बोलण्यातील जुने नावच येथे वापरले आहे.)

मधली चार वर्षे

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळते. चौदाव्या वर्षी ती सक्ती संपते. पुढे अठराव्या वर्षी तोच मुलगा किंवा मुलगी मतदार होते. पूर्वी मतदानाचे वय एकवीस होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते अठरा झाले. म्हणजे चौदा ते अठरा ही मधली चार वर्षे अशी आहेत की, त्या वयाच्या मुलाला आपण लहान म्हणत नाही आणि मोठाही मानत नाही.

आपल्या भागात ही चार वर्षे विशेष कठीण जातात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. पुढचे दोन-अडीच महिने मुलाला काम नसते. वाडीवरून कॉलेजला जायचे तर भोर, नसरापूर किंवा वेल्हे गाठावे लागते, एस.टी. चुकली तर दिवस बुडतो. कोणी पुण्यातल्या मामाकडे जातो, कोणी मुंबईतल्या काकाकडे. कोणी हायवेकडेच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागतो आणि हातात चार पैसे खुळखुळू लागले की शाळेकडे परत फिरकत नाही. मुलीच्या बाबतीत तर दहावी झाली की घरात स्थळांच्या गोष्टी निघतात. दारूची पहिली चव, मोबाईलचा पहिला नाद, पहिली उधारी या गोष्टीही बहुधा याच वयात येतात. म्हणून या वयातील मुलांना आपण काय देतो, यावर पुढच्या पिढीची घडण अवलंबून आहे.

विनयपिटकातील वयाचा विचार

बुद्धाच्या संघापुढेही हा प्रश्न आला होता. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची सविस्तर माहिती मिळते. विद्यार्थ्यांनी ती मुळातून अभ्यासावी अशी आहे.

राजगृहात सतरा मुलांचा एक गट होता. त्यांच्यातील उपालि नावाच्या मुलाचे आईवडील विचार करीत होते की, आपल्या पश्चात हा सुखाने कसा जगेल? लेखनिक केला तर बोटे दुखतील, हिशेबनीस केला तर छातीला त्रास होईल, नाणी पारखायला लावला तर डोळे जातील. त्यापेक्षा भिक्खू झाला तर बरा, असे त्यांना वाटले. मुलाने हे ऐकले आणि सवंगड्यांना घेऊन तो संघात दाखल झाला. त्यांना उपसंपदाही देण्यात आली. परंतु पहाट होण्यापूर्वीच ही मुले उठून पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागली. त्यांनी अंथरुणेही खराब केली. हा प्रकार कळल्यावर भगवान बुद्धांनी नियम केला की, वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये. कारण थंडी, ऊन, भूक, तहान, डास, कठोर शब्द आणि शरीराच्या वेदना सहन करण्याची शक्ती त्या वयात आलेली नसते.

पुढे पब्बज्जेसाठी, म्हणजे श्रामणेर होण्यासाठी, पंधरा वर्षांची अट घालण्यात आली. परंतु त्यानंतर एक वेगळाच प्रसंग घडला. आनंद स्थविरांवर श्रद्धा असलेले एक कुटुंब साथीच्या रोगात मरण पावले. मागे फक्त दोन लहान मुलगे राहिले. पूर्वीच्या सवयीने ते भिक्खूंकडे धावत येत आणि नियमाला भिऊन भिक्खू त्यांना दूर करीत. मग ती मुले रडत. ही मुले जगावीत कशी, असा प्रश्न आनंदांना पडला. त्यांनी तो भगवंतांपुढे मांडला. तेव्हा भगवंतांनी विचारले की, ही मुले कावळे हाकलू शकतील काय? होय, असे उत्तर मिळाल्यावर, पंधराच्या आतील असूनही कावळे हाकलण्याइतक्या मुलांना श्रामणेर करण्याची परवानगी देण्यात आली.

या प्रश्नाचा अर्थ आपल्या भागातील शेतकऱ्याला लगेच कळेल. भात पोटरीत आले, नाचणी-वरई कणसावर आली की पाखरे राखायला पोराला बांधावर बसवतात. ज्याच्यावर राखण सोपवता येते तो पोर कामाचा झाला, असे घरात म्हणतात. भगवंतांनीही नेमके हेच पाहिले. त्यांनी मुलाचे कूळ विचारले नाही, पाठांतर विचारले नाही. याच्यावर एखादे काम सोपवता येईल काय, एवढेच विचारले.

या तीन प्रसंगांतून एक तत्त्व निघते. मुलाला झेपणार नाही असा भार त्याच्यावर टाकू नये. पण झेपेल ते काम मात्र त्याच्यावर अवश्य सोपवावे. जाणतेपण केवळ वय वाढल्याने येत नाही. कोणीतरी विश्वासाने काम सोपवले आणि ते आपण पार पाडले, म्हणजे ते येते.

आपल्या मातीलाही हे वय अपरिचित नाही. भोर तालुक्यातील रायरेश्वराच्या पठारावर १६४५ साली शिवाजी महाराजांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असे परंपरा सांगते. महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे तेव्हा त्यांचे वय पंधरा वर्षांचे होते.

राहुलाला दिलेला धडा

श्रामणेरांमध्ये पहिला म्हणून राहुलाचे नाव घेतले जाते. आईच्या सांगण्यावरून तो वडिलांकडे वारसा मागायला गेला आणि भगवंतांनी सारिपुत्ताकरवी त्याला पब्बज्जा दिली. आजोबा शुद्धोदन यांना याचे फार दुःख झाले. आईबापांच्या संमतीशिवाय यापुढे कोणाच्याही मुलाला पब्बज्जा देऊ नये, अशी त्यांनी विनंती केली. भगवंतांनी ती मान्य करून तसा नियम केला. आज शिबिराच्या अर्जावर पालकांची सही घेतली जाते, तिचे मूळ एका आजोबाच्या दुःखात आहे, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात भगवंतांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी उपदेश केला आहे. भांड्यात थोडेसे पाणी ठेवून त्यांनी राहुलाला दाखवले, मग ते ओतून दिले, मग भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व असेच थोडे, ओतून टाकलेले, पालथे असते, हे त्यांनी वस्तू हातात घेऊन समजावले. नंतर आरशाचा उपयोग विचारला. आरसा पाहण्यासाठी असतो, तसेच प्रत्येक कर्म नीट पाहून करावे. करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही अपाय होतो काय, हे तपासावे. शरीराने किंवा वाणीने चूक झाली असेल तर ती गुरूपुढे अथवा जाणत्या सोबत्यापुढे उघड करावी आणि पुढे जपावे.

हा उपदेश किती महत्त्वाचा मानला जात होता याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. राजस्थानातील बैराट येथील सम्राट अशोकाच्या भाब्रू शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मग्रंथ सांगितले आहेत. त्यांत खोटे बोलण्यासंबंधी राहुलाला केलेल्या उपदेशाचा स्पष्ट उल्लेख आहे.

या उपदेशात भगवंतांनी राहुलाला धाक घातला नाही. स्वतःचा न्यायनिवाडा स्वतः कसा करावा, हे शिकवले. सांगितले म्हणून करणारे ते मूल आणि पाहून-तपासून करणारा तो जाणता. शिबिराचा सर्व अभ्यासक्रम या एका फरकावर उभा करता येईल.

दहा दिवसांत काय घडते?

साधारणपणे श्रामणेर शिबिर दहा दिवसांचे असते. पहिल्या दिवशी केस काढले जातात, चीवर दिले जाते, त्रिशरण आणि दहा शिकवणी दिल्या जातात. पंचशील आपल्याला परिचित आहे. श्रामणेराला त्याशिवाय अवेळी भोजन, नाच-गाणे-तमाशे, हार-सुगंध व नटणे, उंच व भपकेदार शय्या आणि सोने-रुपे स्वीकारणे यांपासून दूर राहावे लागते. तसेच तिसऱ्या शीलात पूर्ण ब्रह्मचर्य येते.

या नियमांकडे केवळ धार्मिक विधी म्हणून पाहू नये. दुपारी बारानंतर जेवायचे नाही म्हटले की, मुलाला आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आपली भूक किती आणि आपली सवय किती, हे वेगळे करून पाहता येते. पैशाला हात लावायचा नाही आणि मोबाईल जवळ ठेवायचा नाही म्हटले की, आपले मन कशाकडे धावते हे त्याला कळते. डोके काढल्यावर सरपंचाचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा ओळखू येत नाहीत. भिक्षापात्र घेऊन वस्तीतून फिरताना, दुसऱ्याच्या घरची भाकरी दोन्ही हातांनी घ्यावी लागते. ती कोणाच्या कष्टाची आहे हा विचार मनात येतोच.

दहाव्या दिवशी चीवर परत देऊन मुलगा घरी येतो. यात कमीपणा काहीच नाही. थायलंडमध्ये मार्च-एप्रिलच्या शालेय सुट्टीत असंख्य मुले काही आठवडे श्रामणेर होतात आणि पुन्हा शाळेत जातात. म्यानमारमध्ये मुलाचा श्रामणेर-विधी, ज्याला तेथे शिनब्यू म्हणतात, हा कुटुंबाच्या आनंदाचा मोठा सोहळा असतो. पुष्कळ मुले थोड्या दिवसांनी घरी परततात. थोडे दिवस वेगळे जगून पुन्हा घरात यायचे, हाच या संस्काराचा गाभा आहे.

मात्र आपल्याकडील पुष्कळ शिबिरांत एक उणीव दिसते. सकाळपासून रात्रीपर्यंत व्याख्याने असतात. वक्ते बोलतात आणि मुले ऐकतात. ऐकून माहिती मिळते, जबाबदारी मिळत नाही. बाबासाहेबांनी आपल्या विद्यार्थिदशेतील एक आठवण लिहून ठेवली आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल झालेल्या सत्काराच्या वेळी दादा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या सभेतील भाषणे विस्मृतीत गेली, पण विश्वासाने हाती दिलेल्या त्या एका पुस्तकाने काय घडवले ते आपण जाणतो.

आपल्या तालुक्यांतील शिबिर कसे असावे?

पहिली गोष्ट काळाची. आपल्याकडे उन्हाळ्यात राब भाजणी असते आणि मेच्या अखेरीस धूळवाफेवर भात पेरण्याची घाई सुरू होते. त्या वेळी घरात हाताखाली पोर लागते. म्हणून १४ एप्रिलची जयंती आणि वैशाख पौर्णिमा यांच्या दरम्यानचा काळ सोयीचा ठरतो. शिबिराची जागा ठरवताना पाण्याचा विचार आधी करावा. भाटघर, पानशेत अशी मोठी धरणे आपल्या तालुक्यांत आहेत. पण डोंगरावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी झऱ्यावर बसावे लागते. शिबिरार्थींनी हे पाणी स्वतः मोजून वापरले, तर व्याख्यानापेक्षा मोठा धडा मिळेल.

दुसरी गोष्ट कामाची. शिबिर तीन वर्षांच्या पायऱ्यांचे करावे. पहिल्या वर्षी मुलगा श्रामणेर म्हणून येईल; झाडलोट, पाणी भरणे, भांडी घासणे आणि शीलपालन ही त्याची कामे. दुसऱ्या वर्षी तो गटनायक होईल. आठ-दहा लहान मुलांना वेळेवर उठवणे, आजारी सोबत्याजवळ बसणे हे त्याच्याकडे राहील. तिसऱ्या वर्षी सोळा-सतरा वर्षांचा तो युवक चीवर न घेता कार्यकर्ता म्हणून येईल. धान्य किती लागले, मीठ-मिरचीला किती पैसे गेले, याचा हिशेब तो वहीत लिहील आणि शेवटच्या दिवशी सर्वांसमोर वाचून दाखवील. वरिष्ठांनी तो हिशेब तपासावा; परंतु लिहू द्यावा त्यालाच.

आजाऱ्याच्या सेवेसंबंधी महावग्गातील एक प्रसंग प्रत्येक गटनायकाला सांगितला पाहिजे. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडून राहिलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. मग भिक्खूंना सांगितले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? शिबिरात रात्री ताप आलेल्या सोबत्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवणारा मुलगा हा धडा जन्मभर विसरणार नाही.

तिसरी गोष्ट व्यवहाराच्या शिक्षणाची. तिसऱ्या पायरीवरील युवकांनी वस्तीत जाऊन वृद्धांचे व विधवांचे निराधार योजनेचे अर्ज भरून द्यावेत. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जातीच्या दाखल्याची कागदपत्रे स्वतः लावायला शिकावे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींच्या सवलतींमध्ये समावेश झाला. त्यासाठी आधीच्या पिढीला किती झगडावे लागले, हे अर्ज भरताना मुलांना कळावे. वरंध घाटाचा रस्ता खुला असेल तर एक दिवस महाडला जावे. २० मार्च १९२७ रोजी ज्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते तळे भोरपासून एका घाटाच्या अंतरावर आहे.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. पालकांची लेखी संमती घ्यावी. तालुक्याच्या गावच्या सरकारी रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावावा. डोंगरात विंचू-सापाची भीती खरी आहे. धरणाच्या पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये. मुलांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा, आणि रात्री कोणतेही मूल एकट्या प्रौढ व्यक्तीबरोबर राहणार नाही असा शिबिराचा पक्का नियम असावा. उपज्झायाने शिष्याला पुत्राप्रमाणे आणि शिष्याने उपज्झायाला पित्याप्रमाणे मानावे, अशी विनयाची आज्ञा आहे. जो वडीलधारेपण सांभाळू शकत नाही त्याने शिबिराची जबाबदारी घेऊ नये.

मुलींना विसरू नका

श्रामणेर शिबिर म्हटले की मुलेच डोळ्यांपुढे येतात. परंतु विनयात सामणेरी आहे, आणि वीस वर्षांपूर्वी दोन वर्षे सहा नियमांचे शिक्षण घेणारी सिक्खमाना आहे. अठरा वर्षांच्या मुलीला शिकण्यासाठी दोन वर्षे द्यावीत, हे संघाने त्या काळी ठरवले होते. आपण मात्र दहावी झालेल्या मुलीला दोन महिनेही देत नाही. मुलींसाठी उपासिकांच्या देखरेखीखाली स्वतंत्र निवासी शिबिर झाले पाहिजे. तेथे हिशेब, आरोग्य, कायदा आणि धम्म यांचे तेवढेच शिक्षण मिळाले पाहिजे. मुलीचे लग्नाचे कायदेशीर वय अठरा आहे, हे तिला आणि तिच्या सोबतिणींना आधीच माहीत असले, तर घरातला एखादा घाईचा निर्णय थांबण्याची शक्यता असते. ज्या संस्थेला एकच शिबिर घेण्याइतका निधी आहे, तिने एका वर्षी मुलांचे आणि दुसऱ्या वर्षी मुलींचे घ्यावे. पण मुलींचे वर्ष चुकवू नये.

शेवटची रात्र आणि पुढचे वर्ष

वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. माझ्याकडून काही चुकले असेल, ते तुम्ही पाहिले, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल तर करुणेने सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. शिबिराच्या शेवटच्या रात्री मुलांनी गोल बसून हेच करावे, आणि पहिली विनंती शिबिरप्रमुखांनी करावी. वडीलधारा माणूस आपली चूक ऐकून घेतो हे पाहिल्यावर मुलालाही ते धैर्य येते.

घरी परतल्यावर मात्र मुलाला पुन्हा जुन्याच वागणुकीने वागवले, तर दहा दिवसांचे श्रम वाया जातील. म्हणून पालकांना विनंती आहे की, शिबिराहून आलेल्या मुलाला घरातले एक कायमचे काम द्या. विजेचे बिल भरणे असो, आजीची औषधे आणणे असो किंवा धाकट्या बहिणीचा अभ्यास घेणे असो. काम लहान चालेल, पण ते त्याचेच असावे. संस्थांनीही विहाराची किल्ली, वाचनालयाची नोंदवही, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब यांपैकी एक तरी गोष्ट युवकांच्या हाती द्यावी. चुकले तर सांगावे, पण काढून घेऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, भगवंतांचा तो प्रश्न आज तुम्हालाही लागू आहे. तुमच्या घरात, वाडीत, विहारात असे कोणते काम आहे की जे तुमच्यावर सोपवून वडीलधाऱ्यांना निर्धास्त झोपता येईल? त्याचे उत्तर तुम्हाला देता आले, म्हणजे तुमचे शिबिर सुफल झाले असे समजा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. उपसंपदेसाठी वीस वर्षांची अट का घालण्यात आली? त्या वेळी सांगितलेली कारणे लिहा.
२. कावळे हाकलण्याचा प्रश्न भगवंतांनी का विचारला असावा? आपल्या गावातील शेतीकामाचे उदाहरण द्या.
३. कर्म तीन वेळा तपासावे, असे राहुलाला सांगितले. मागील आठवड्यातील आपले एक कर्म तसे तपासून पाहा.
४. आपल्या वस्तीत चौदा ते अठरा वयाची किती मुले-मुली आहेत, त्यांतील किती शिकत आहेत, याची यादी करून ती आपल्या संस्थेच्या पुढील बैठकीत वाचून दाखवा.